व्हीलचेअर मोफत आहे. मग बक्षिसी कुणाला, कधी आणि किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की मराठवाड्यातून परदेशी निघणाऱ्या आजी-आजोबांची गर्दी वाढते. कुणाच्या लेकीचे बाळंतपण असते, कुणाच्या नातवाचे बारसे, कुणाच्या मुलाचा पदवीदान समारंभ. संभाजीनगर, जालना, बीडकडची मंडळी समृद्धीने मुंबई गाठतात. नांदेड, लातूर, धाराशिवचे बरेच जण हैदराबादहून उडतात. तिकीट मुलाने तिकडूनच काढलेले असते आणि व्हीलचेअरही त्यानेच मागून ठेवलेली असते. आमच्यासारख्या तिकिटाची कामे करणाऱ्यांकडे ही मंडळी येतात तेव्हा व्हिसा, विमा, बॅगेचे वजन सगळे विचारून झाल्यावर उठता उठता एक प्रश्न हमखास येतो : 'त्या व्हीलचेअरवाल्याला किती द्यायचे असतात?' या एका प्रश्नामागे इतका गोंधळ आहे की उत्तर सगळ्यांसाठी एकदाच लिहावे, म्हणून हे पत्र.

व्हीलचेअर आणि ती ढकलणारा माणूस, दोन्ही मोफत असतात. ज्याला चालवत नाही अशा प्रवाशाकडून या मदतीचे पैसे घेता येत नाहीत, असा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. अमेरिकेत १९८६ च्या एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्टखाली आणि युरोपीय संघात २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमाखाली हीच तरतूद आहे. फरक इतकाच, की भारतात आणि अमेरिकेत ही जबाबदारी विमान कंपनीची, तर युरोपात विमानतळ चालवणाऱ्या संस्थेची. तक्रार करायची वेळ आली तर हा फरक उपयोगी पडतो. फ्रँकफर्टला खुर्ची आली नाही म्हणून विमान कंपनीच्या काउंटरवर भांडत बसून फारसे हाती लागत नाही.

मोफत आहे तर पैसे द्यायचेच कशाला, असे विचारणारेही भेटतात. ते नियमाला धरून आहेत. पण खुर्ची ढकलणारा पोरगा बहुतेक ठिकाणी विमान कंपनीचा नोकर नसतो. ग्राउंड हँडलिंगचे, म्हणजे विमानतळावरच्या प्रवासी-सामानाच्या कामांचे, कंत्राट घेतलेल्या संस्थेकडचा तो कंत्राटी माणूस असतो. मुंबईच्या किंवा हैदराबादजवळच्या शमशाबादच्या टर्मिनलमध्ये काउंटरपासून शेवटच्या गेटपर्यंत अंतर बरेच असते आणि एका पाळीत अशा कितीतरी फेऱ्या होतात. अमेरिकेत तर टिपचे गणित थेट पगाराशी जोडलेले आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान रोख पगार तिथल्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबलेला आहे, आणि काही विमानतळांवर व्हीलचेअरवाल्यांनाही या वर्गात धरले जात आले आहे. म्हणून तिथे टिप न देणे कायद्याने चालते, पण बरे दिसत नाही.

भारतात आमचा हिशेब साधा आहे. देशांतर्गत प्रवासाला, काउंटर ते गेट नीट नेले तर माणशी पन्नास ते शंभर रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासात हाच माणूस चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि गेट अशा चार ठिकाणी तास-दीड तास सोबत असतो. तिथे शंभर ते दोनशे. आजी-आजोबा दोघे बसलेले असतील आणि दोघांना दोन माणसे असतील तर प्रत्येकाला वेगळे. एकच पोरगा दोन खुर्च्या ओढत असेल तर त्याला दुप्पट देण्याऐवजी आधी दुसरा माणूस मागावा. एक खुर्ची पुढे ढकलत आणि दुसरी मागे ओढत नेताना उतारावर मागची खुर्ची तिरकी जाते आणि बसलेल्याचा पाय पुढच्या चाकात येतो.

अमेरिकेत जवळच्या गेटपर्यंत नेले तर माणशी पाच डॉलर, आणि इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा काढणे, कस्टम आणि पुन्हा बॅगा टाकणे एवढे सगळे केले तर दहा. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता, बहुतेक वेळा तिथेच बॅगा ताब्यात घेऊन कस्टममधून न्याव्या लागतात, पुढचे विमान असले तरी. तेवीस किलोच्या चार बॅगा, त्यांत लोणच्याची बरणी आणि बाळंतविडा. त्या उतरवणाऱ्याच्या हातावर दोन डॉलर टेकवू नयेत. युरोपात आणि ब्रिटनमध्ये टिपेची अपेक्षा नसते. दोन-पाच युरो दिले तर घेतील, नाही दिले तर कुणी तोंड वाकडे करणार नाही. दुबई, अबुधाबीला दहा-वीस दिऱ्हाम पुरेत, तेही सक्तीचे नाहीत. जपानमध्ये देऊच नयेत. तिथे पैसे पुढे केले की समोरचा अवघडतो, आणि नोट परत घेताना आपणही.

रकमेपेक्षा जास्त चुका वेळेत होतात. आपल्याकडे आजोबांना सोडायला अख्खी क्रूझर भरून माणसे येतात. तिकीट नसलेल्यांना टर्मिनलच्या दारातून आत सोडत नाहीत. मग धाकटा मुलगा दारातच त्या पोराच्या खिशात पाचशेची नोट कोंबतो आणि म्हणतो, 'आमच्या अण्णांना नीट ने बाबा.' इथे दोन गोष्टी बिघडतात. ही नोट कामाआधी दिलेली असते, त्यामुळे ती बक्षिसी न राहता रांग ओलांडायचा मोबदला होते. आत काउंटरपाशी दहा-बारा खुर्च्या ओळीने लागलेल्या असतात आणि आधी आलेल्या कुणाची तरी आई मागे राहते. दुसरे म्हणजे तो पोरगा अण्णांना काउंटरपर्यंतच नेतो. तिथे खुर्ची दुसऱ्याच्या हाती जाते, आणि ज्याने पुढचा दीड तास घालवला त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. उलट त्याला वाटते, घरच्यांनी सांगितले असेल पण म्हातारा देत नाही.

ही साखळी आधी समजून घ्यायला हवी. मुंबईहून आखाती देशातल्या एखाद्या विमानतळावरून अमेरिकेला जाताना पाच-सहा माणसे तरी बदलतात. टर्मिनलच्या दारापासून काउंटरपर्यंत एक, काउंटरपासून गेटपर्यंत दुसरा, गेटपासून विमानाच्या दारापर्यंत कधी तोच तर कधी तिसरा. मधल्या विमानतळावर उतरवून घेणारा वेगळा. तो व्हीलचेअर प्रवाशांच्या प्रतीक्षा कक्षात नेऊन बसवतो आणि निघून जातो. पुढच्या विमानाच्या वेळेला तिथून गेटवर नेणारा आणखी वेगळा. अमेरिकेत विमानाच्या दारापासून बाहेर मुलाच्या हवाली करीपर्यंत मात्र बहुतेक वेळा एकच माणूस असतो. प्रत्येकाला देत बसलात तर पन्नास-साठ डॉलर सहज जातात. ज्याने लांबचा टप्पा केला आणि शेवटच्या ठिकाणी आणून सोडले, त्याला द्यावे. दारापासून काउंटरपर्यंतच्या शंभर पावलांना 'धन्यवाद भाऊ' पुरेसे आहे. देण्याची वेळ म्हणजे गेटवर पोचून खुर्चीचे ब्रेक लागल्यावर, किंवा बाहेर मुलगा दिसल्यावर. बाहेर मुलगा दिसला की तोच देतो, पण नेमके भेटीच्या गडबडीत ते राहून जाते. मुलाने दहाची नोट आधीच खिशात काढून ठेवावी.

सुट्या पैशांची तयारी इथूनच करावी लागते. परकीय चलन घेताना डीलर वीस, पन्नास, शंभराच्या नोटा देतो. एकच्या आणि पाचच्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत. दोन दिवस आधी सांगून ठेवले तर बहुतेक जण आणून देतात. वीस एकच्या आणि चार पाचच्या नोटा जाण्या-येण्याला पुरतात. नाणी आणू नयेत, परत आल्यावर ती कुणी बदलून देत नाही. साधी चार पाकिटे करावीत आणि त्यांवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे : 'मुंबई जाताना', 'मधला विमानतळ', 'अमेरिका उतरल्यावर', 'मुंबई परत'. चौथे पाकीट बहुतेक जण विसरतात. सहा महिन्यांनी परतताना खिशात फक्त डॉलर असतात, पहाटे दोनला मुंबईत उतरल्यावर व्हीलचेअरवाला म्हणतो 'डॉलर चालेल', आणि शंभर रुपयांच्या जागी दहा डॉलर जातात. भारतात राहणाऱ्याला जाता-येता पंचवीस हजार रुपयांपर्यंत भारतीय चलन सोबत ठेवता येते, तेव्हा दोनशे-तीनशे रुपये जाताना न्यायला काहीच अडचण नाही. परतल्यावर मुंबईत फोनपेही चालते म्हणा, पण सहा महिने बंद राहिलेले भारतीय सिम त्या वेळी सुरू असेलच असे नाही.

ही पाकिटे ट्रेमध्ये सुटी टाकू नयेत. सुरक्षा तपासणीत पर्स, मोबाइल, पट्टा सगळे ट्रेमधून पुढे जाते आणि खुर्चीतल्या माणसाची तपासणी बाजूला वेगळी होते. चार-पाच मिनिटे आपले सामान नजरेआड असते. पाकिटे पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवावीत आणि पर्स ट्रेमध्ये पालथी ठेवावी. गुडघ्याची वाटी बदललेली असेल तर यंत्र वाजणारच, डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी असू द्यावी. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट : सुरक्षा तपासणी करणारे सीआयएसएफचे जवान, इमिग्रेशनचे अधिकारी, काउंटरवरचे कर्मचारी, विमानातले कर्मचारी यांच्यापुढे नोट करायची नाही. खेड्यातून आलेल्या माणसाला गणवेश सगळे सारखेच वाटतात. सरकारी गणवेशापुढे केलेली पन्नासची नोट अंगलट येऊ शकते.

खुर्चीत बसणाऱ्या आजींसाठी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पुढची दोन चाके लहान असतात आणि गर्रकन फिरतात. साडीच्या निऱ्या आणि पदर त्यांत अडकतो. बसल्यावर निऱ्या गुडघ्यांमध्ये दाबून घ्याव्यात, पदर पुढून घेऊन कमरेला खोचावा, शाल मांडीवर घडी करून ठेवावी. पाय पायपाटीवर टेकल्याशिवाय 'चला' म्हणू नये. काठी आडवी धरली तर दारांना अडकते, ती उभी धरावी. उतार आला की मदतनिसाने खुर्ची उलटी करून मागे मागे उतरवायची असते. तो सरळच निघाला तर थांबवून सांगावे. हे जो न सांगता करतो, त्याला शंभराच्या जागी दीडशे द्यायला हरकत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. टिपेवरून जी हमरीतुमरी होते, तिच्यातली बरीच आधी चुकीची मागणी नोंदवल्यामुळे होते. व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात आणि तिकिटावर त्यांचे संकेत येतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, विमानात चालता येते, फक्त लांब अंतर चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेपर्यंत उचलून किंवा अरुंद खुर्चीतून न्यावे लागते. ऑनलाइन तिकीट काढताना मुलगा पहिलाच पर्याय दाबतो. मुंबईला एरोब्रिजवर, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या पुलावर, ते खपून जाते. पण छोट्या विमानतळावर, छोट्या विमानाला शिडी लागली की खालचा कर्मचारी यादी बघतो, त्यात शेवटी 'आर' दिसते आणि तो म्हणतो, 'यांना चढता येते.' मग दोघे-तिघे मिळून आजोबांना हाताला धरून वर चढवतात आणि त्या प्रत्येकाला काहीतरी द्यावे असे घरच्यांना वाटते. शेवटचे अक्षर 'एस' असते तर कंपनीला रॅम्पची किंवा उचलणाऱ्या गाडीची, म्हणजे ॲम्ब्युलिफ्टची, सोय आधीच करावी लागली असती. गुडघे गेलेले असतील तर 'एस' लिहून घ्या.

मागणी किमान ४८ तास आधी नोंदवायची असते. नोंदवल्यावर ती तिकिटाच्या छापील प्रतीवर दिसते का ते पाहावे. विमानाची वेळ बदलली किंवा तिकीट नव्याने निघाले की ही नोंद कधी कधी गळून पडते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारावे. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल तर विमान ज्यांचे आहे त्यांच्याकडेही खात्री करावी. आणि संभाजीनगर ते मुंबई एक तिकीट, मुंबई ते अमेरिका वेगळे तिकीट, असे काढले असेल तर पहिल्या कंपनीची खुर्ची मुंबईच्या बाहेरच्या दारापर्यंतच. पुढच्या कंपनीचा माणूस तिथे घ्यायला येत नाही. अशा वेळी पहिल्याच पोराला 'दुसऱ्या टर्मिनलला नेऊन सोड, पाचशे देतो' म्हणणारे असतात. तो त्याच्या कामाबाहेर आहे. वाटेत काही झाले तर जबाबदार कुणीच नाही. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्यावेत, दोन हजार जास्त गेले तरी.

ज्यांना चालता येते पण इंग्रजी येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, चुकामूक होईल अशी धास्ती वाटते, त्यांच्यासाठी विमान कंपन्यांकडे 'मीट अँड असिस्ट' नावाची वेगळी नोंद असते, एमएएएस या संकेताची. त्यात माणूस सोबत चालतो आणि वाट दाखवतो. ही सोय सगळ्या कंपन्या सगळीकडे सारखी देत नाहीत, काही ठिकाणी तिचे पैसे पडतात, पण विचारावे तर लागेल. आपल्याकडे विचारतच नाहीत, सरळ व्हीलचेअर मागतात. मग सुट्यांच्या दिवसांत अमेरिकेच्या एकेका विमानाला खुर्च्यांची लांबलचक रांग लागते, ढकलायला माणसे कमी पडतात आणि त्या टंचाईतच नोटांची बोली सुरू होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन खुर्च्या मागितल्या होत्या, मिळाली एकच. पत्नीला खुर्चीत बसवून ऐंशी वर्षांचे गृहस्थ चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि वारले. डीजीसीएने विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. पुरेशा खुर्च्या ठेवणे कंपनीचेच काम आहे, यात शंका नाही. पण रोज सकाळी सिद्धार्थ उद्यानात तीन फेऱ्या मारणाऱ्याने विमानतळावर खुर्ची अडवू नये, हेही तितकेच खरे. पट्ट्यावर बॅग दिसली की खुर्चीतून टुणकन उठून पळणारे महाभाग आपल्यातही कमी नाहीत.

कुणी उघड पैसे मागितले, किंवा 'इतके द्या, नाहीतर इथेच थांबा' म्हणाले, तर घाबरायचे कारण नाही. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्वतःच्या हातात ठेवावा. मदतनीस इमिग्रेशनला दाखवायला घेतो तेव्हा लगेच परत मागून घ्यावा. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव वाचावे, आणि वाचतोय हे त्याला दिसू द्यावे. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागते. नाहीच भागले तर कंपनीच्या ड्युटी मॅनेजरला बोलवायला सांगावे, आणि घरी आल्यावर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तारीख, विमान क्रमांक आणि गेट क्रमांक टाकून तक्रार करावी. अमेरिकेत प्रत्येक विमान कंपनीला तक्रार निवारण अधिकारी, म्हणजे सीआरओ, ठेवावाच लागतो, प्रत्यक्ष किंवा फोनवर. तिथे 'सीआरओ' एवढी तीन अक्षरे उच्चारली तरी काम हलते. मधल्या विमानतळावर प्रतीक्षा कक्षात बसवून आपल्याला विसरले जाण्याचा धोका टिपेच्या प्रश्नापेक्षा मोठा असतो. पुढच्या विमानाच्या दीड तास आधीपर्यंत कुणी आले नाही तर उठून तिथल्या टेबलावर बोर्डिंग पास दाखवावा. 'मला लघवीला जायचे आहे', 'माझे विमान अमुक वाजता आहे', 'मला शुगर आहे, काही खायला हवे', अशी चार वाक्ये मुलाने इंग्रजीत एका कागदावर लिहून दिली तर फार सोयीचे पडते.

संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. आमची प्राधिकरणाला विनंती अशी, की चेक-इन काउंटरजवळ आणि आगमनाच्या दारापाशी मराठीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत दोन ओळींची पाटी लावावी : व्हीलचेअर सेवा मोफत आहे, पैसे मागितल्यास या क्रमांकावर कळवा. क्रमांक खरोखर उचलला जाणारा असावा. मदतनिसांच्या छातीवरची नावेही देवनागरीत असावीत, म्हणजे आजीला वाचता येतील. नांदेडच्या विमानतळावरही अशीच पाटी आणि अशीच नावे हवीत. विमान कंपन्यांनी व्हीलचेअर नोंदवल्यावर जो एसएमएस येतो, त्यात तीनपैकी कोणता प्रकार नोंदवला ते मराठीत लिहिले तर अर्धे घोटाळे घरीच लक्षात येतील, विमानाच्या शिडीखाली उभे राहून नाही.

आपले,
विमान प्रवासाची तिकिटे काढून देणारे काही व्यावसायिक,
छत्रपती संभाजीनगर